बिनभाड्याची भाडेकरू

हिची ओळख करून द्यायची तर आधी पत्ता सांगायला हवा, आणि पंचाईत तिथेच आहे. भिंतीवर हाताने रंगवलेल्या जाहिरातीला स्वतःचं घर नसतं. ती जन्मते परक्या भिंतीवर, म्हातारी होते परक्या भिंतीवर, आणि घरमालकाच्या तीन पिढ्या गेल्या तरी तिथून हलत नाही. भाड्याचं म्हणाल तर व्यवहार काय तो एकदाच झालेला असतो. कंपनीच्या माणसाने मालकाच्या हातावर थोडे पैसे टेकवले, किंवा तेही न देता 'भिंत फुकटात रंगवून मिळतेय, बघा' एवढ्यावर भागवलं. पुण्या-मुंबईचे पागडीवाले हिच्यापुढे अगदीच भाबडे.

भिंत मात्र ती पारखून घेते. बोळातली नको, देवळामागची नको. कितीही सरळ आणि गुळगुळीत असली तरी नको. तिला हवी असते गावात शिरताना एसटी जिथे दम खाते त्या वळणावरची. नाहीतर रेल्वे रुळांकडे पाठ करून बसलेल्या घराची पाठ. दाखवायच्या मुलीला जसं 'सहज' उजेडाकडे तोंड करून बसवत, तशी ती 'सहज'च रस्त्याकडे तोंड करून उभी असते. गावातल्या मोक्याच्या जागा कुठल्या हे तलाठ्याला विचारू नका, हिला विचारा.

आणि बोलकी किती! तुम्ही गाडीतून उतरायच्या आत ती गावाची सगळी खबर देऊन मोकळी होते. जळगावच्या वाटेला पाइप आणि ठिबक, विदर्भात कापसाचं बियाणं, नाशिककडे द्राक्षांवर मारायची औषधं, सांगली-कोल्हापूरकडे ऑइल इंजिन आणि पंप. शेजारी लगेच मूळव्याध, भगंदर, जुनाट खाज, 'विना ऑपरेशन, खात्रीशीर'. गावात काय पिकतं आणि गावाचं काय दुखतं, दोन्ही एका नजरेत. दुखण्याच्या जाहिराती बहुधा स्टँडच्या मुतारीच्या अंगाला असतात. एवढं औचित्य ती पाळते.

घराण्याचा तिला भारी अभिमान. चित्रकार हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत, हे ती पहिल्या भेटीतच सांगते. दुसऱ्या भेटीत कोल्हापूर येतं: बाबूराव मेस्त्रींना लोक पेंटर म्हणू लागले आणि १९२० साली 'सैरंध्री' सिनेमा काढणारा हा माणूस कायमचा बाबूराव पेंटर झाला. आपल्या जातीच्या धंद्याचं नाव एवढ्या मोठ्या माणसाने आडनाव म्हणून मिरवलं, हे सांगताना तिच्या भिंतीला ओल येते. खुद्द हिचा बाप म्हणाल तर तालुक्याच्या गावचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची 'हॉर्न प्लीज' आणि दोन मोर, नाटकमंडळाचा राजवाड्याचा पडदा, दहावीच्या निरोपसमारंभाचा फळा, असली सगळी कामं करणारा. मधूनच एखादं मोठं काम मिळालं की परांचीवर चढायचा.

त्याची कामाची रीत बघण्यासारखी होती. काव लावलेली सुतळी दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची, मध्ये चिमटीत पकडून सोडायची. फट्! भिंतीवर एक सरळ तांबडी रेघ. कंपनीचं चित्र असलं तर कागदावर टाचणीने बारीक भोकं पाडलेली असत. तो कागद भिंतीला लावून वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की ठिपक्याठिपक्यांची गाय किंवा बाई उमटे. अक्षरं मात्र बिनकागदाची, थेट हाताने. त्यामुळे पहिलं अक्षर हत्तीएवढं आणि शेवटचं मुंगीएवढं हा तिचा खानदानी बांधा. 'सर्वोत्कृष्ट' या एका शब्दाने अर्धी भिंत खाल्ली आणि 'बियाणे' बिचारं खिडकीच्या खाली अंग चोरून बसलं, हे दृश्य महाराष्ट्रात कुठेही दिसेल. रफार पन्हाळीत अडकतो, वेलांटी चौकटीला वळसा घालते. एका गावात साबणाच्या बाईचा डावा डोळा नेमका झरोक्यावर आला होता. आतल्या म्हातारीने रात्री दिवा लावला की तो डोळा उघडायचा आणि ती झोपायला गेली की मिटायचा. साबण कंपनीने एवढी मोठी कल्पना स्वप्नातही केली नसेल.

कोपऱ्यात खाली 'अमुक आर्ट्स' आणि गावाचं नाव. मालाचं नाव उडून जातं, ही सही टिकते. माझा आपला अंदाज असा की तेवढी तो स्वतःच्या डब्यातल्या रंगाने काढत असावा.

नटण्यामुरडण्याची हौस तिला पहिल्यापासूनच. तरुणपणी तिचा शृंगार साधा होता: पांढऱ्याला चुना, तांबड्याला काव, पिवळ्याला पिवडी, निळ्याला कपड्यांना घालतात तीच नीळ, काळ्याला काजळी. धरून ठेवायला डिंक नाहीतर सरस. हा शृंगार फार टिकायचा. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत पीत पुन्हा चुनखडीच्या दगडासारखा होतो आणि रंग पोटाशी धरतो. काव तर मुळात लोखंडाचा गंज. आधीच गंजलेल्याचं ऊन आणखी काय वाकडं करणार? पुढे डब्यांतले चकचकीत ऑइल पेंट आले आणि बाई गुलाबी-जांभळ्याच्या नादी लागल्या. तिथे फसल्या. गुलाबी रंग थोड्याच उन्हाळ्यांचा पाहुणा. एका दंतमंजनाच्या जाहिरातीतला हसरा गृहस्थ मी बरीच वर्षं येता-जाता बघत आलो. आधी त्याचे गाल गेले, मग ओठ, मग फेटा. आता काजळीच्या रेघांत काढलेली मिशी आणि बत्तीसच्या बत्तीस दात तेवढे शिल्लक आहेत. जाहिरात खोटी नव्हती म्हणायची.

वय विचारलेलं तिला खपत नाही. अंगावर साल कुठेच लिहीत नाही. लिहील कशाला, उद्याही माल विकायचाय. पण बोलण्यातून वय बाहेर पडतंच. किंमत आण्यांत सांगत असेल तर ती १९५७च्या आधीची, किंवा निदान तिच्या रंगाऱ्याला दशमान पद्धत मानवली नव्हती असं समजा. 'नवे पैसे' म्हणाली तर काम आणखी सोपं. हे नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले आणि १ जून १९६४ला त्यातला 'नवे' गळून पडला. म्हणजे सात वर्षांत कुठेतरी तिचं बारसं झालंय. 'येथें उत्तम प्रतीचें तूप मिळेल' असे डोक्यावर टिंबटिंब असले तर ते तिचं गोंदण. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार पुस्तकांतून घालवले, भिंतीवरचे पुसायला कोण जातो? पत्त्यात नुसतंच 'मुंबई ४' असलं की जन्म १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचा असण्याचा संभव दांडगा. त्या दिवशी पिनकोड सुरू झाला, आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या, संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणाऱ्या मराठी गृहस्थांनी. संभव एवढ्यासाठीच म्हटलं, की पुण्यातली काही मंडळी अजूनही 'पुणे ३०' एवढंच लिहितात आणि पत्र पोचलं नाही की पोस्टाला नावं ठेवतात.

टेलिफोनच्या नंबरावरूनही वय कळतं. तीन आकडे असले तर आजीबाई, पाच असले तर काकू, सहा-सात असले तर अलीकडची सून. मुंबईत जुन्या सात आकडी नंबराच्या डोक्याशी वेगळ्या रंगात कोंबून बसवलेला एक २ दिसला, तर समजावं की बाईंनी उतारवयात एक दात बसवून घेतलाय.

पण तिचा खरा स्वभाव म्हणजे हट्ट. एकदा शब्द दिला की दिला. देवीच्या रोगाचा देशातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. त्या सुमारास गावोगावच्या भिंती सांगत होत्या, देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये बक्षीस मिळवा. १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला, १९८० साली सगळं जग ठरलं, पण भिंतीने बक्षीस काही मागे घेतलं नाही. तिचे हजार रुपये कित्येक वर्षं बिनदाव्याचे पडून होते, आणि कांजिण्यांचे फोड आलेल्या वर्गमित्राकडे शाळकरी पोरं हिशेबी नजरेने बघत होती.

राजकारणातही तेच. काँग्रेस फुटली तशी बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं आणि तेही गेलं, हात आला. २००४ची लोकसभा तर सगळ्या देशाने यंत्राचं बटण दाबून निवडली. आडरस्त्याच्या एखाद्या भिंतीवर मात्र बैलजोडी अजून जुंपलेली असते आणि शिक्का मारण्याची विनंती चालूच असते. कुणाला मारायचा हे पुसलं गेलंय, म्हणून ती आता कुठल्याच पक्षाची राहिली नाही. भांडणं मिटवायला बोलवावं अशा वयाला ती पोचली आहे.

१ मे २००४पासून तंबाखूच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आली. नवी रंगवणं गुन्हा. पण जुनीला बेड्या घालायला कोण जाणार? विडीची बंडलं, जर्द्याच्या पुड्या उन्हात विटत बसून राहिल्या. संगमनेरच्या गायछापची एक गाय मला फार आवडायची. भिंत दक्षिणेची, दिवसभर ऊन. असली जागा घरातल्या बाईच्या नजरेतून सुटेल? तिने त्यावर गोवऱ्या थापायला सुरुवात केली. जागा कमी पडत गेली तशी थापणी पुढे सरकत गेली, आणि एका मार्गशीर्षात गायीच्या शेपटीखालपासून मानेपर्यंत गोवऱ्यांची रांग झाली. ज्याचं त्याला पोचलं. वाळलेल्या गोवऱ्या ओढून काढताना रंगही सुटून आला. आता गायीच्या अंगावर बशीएवढे गोल ठिपके आहेत, आणि परगावचे लोक विचारतात, ही जर्सी काय हो?

तिला मेलेली समजून वरून चुना फासणारे खूप झाले. चुना तिला आयुष्यभर लागत आला, दोन्ही अर्थांनी. ती कुरकुर करत नाही, गप्प आत बसते. चार-सहा पावसाळे जातात, वरचा पोपडा सुटतो, आणि पिवडीतली एखादी वेलांटी आधी डोकं बाहेर काढून अंदाज घेते. मग मात्रा, मग सबंध शब्द. वरची जाहिरात अजून गेलेली नसते, खालची परत आलेली असते, आणि दोघी एकाच वेळी बोलायला लागतात. मराठवाड्यातल्या एका भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. त्याच्या पोटातून जुनं बियाणं उगवून आलं. सगळं मिळून वाचलं तर निघायचं: 'भरघोस उत्पादनासाठी दोन किंवा तीन, पुरेत.' दुसरीकडे सिमेंटचं 'मजबूत आणि टिकाऊ' अर्धवट उरलं होतं आणि त्याच्या खालून 'मूळव्याध' वर आली होती. समोरच्या हॉटेलात चहाचा खप त्या दिवसांत वाढला असणार. बशी सांडल्याशिवाय कुणी उठत नव्हतं.

सरकारशी तिचं कधी पटलं, कधी नाही. सरकारने तिला भरपूर काम दिलं: मलेरिया, नारू, पल्स पोलिओ, पाणी अडवा-पाणी जिरवा. आणि त्याच सरकारने १९९५ साली मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदाही केला. कायद्याचं तिला काही वाटलं नाही, असे पुष्कळ पाहिलेत. तिला लागला तो शब्द. विद्रूपण! जिने जन्मभर दुसऱ्याच्या भिंती फुकट सजवल्या तिला विद्रूप म्हणायचं? त्यावर कडी म्हणजे २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं आणि गावंच्या गावं एका रात्रीत गुलाबी होऊ लागली. बाईंच्या अंगावर सुविचार लिहिले गेले. पन्नास वर्षं तंबाखू विकलेल्या बाईला असं अचानक कीर्तनाला उभं केलं. पोपडे पडेपर्यंत तिने तेही निभावलं.

फ्लेक्सशी मात्र ती बोलत नाही. तो समोरच्या खांबावर येतो, पाच-पंचवीस चेहरे, गॉगल, नमस्कार, 'भावी' अमुक आणि 'भावी' तमुक. वाढदिवस झाला की उतरतो आणि कुणाच्या तरी शेळ्यांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून जातो. तेही तोंड खाली करून. पावसात शेळ्या रवंथ करता करता वर बघतात तर भावी आमदार हात जोडून उभे. अक्षर कुणाचं म्हणून विचारायची सोय नाही, सही कुठे करणार? फ्लेक्सचं यंत्र आल्यावर तिचे बाप-काके एकेक करून ब्रश धुऊन बसले. काहींनी तेच यंत्र हप्त्यांवर घेतलं. तिने त्यांना दोष दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

अलीकडे तिच्या आयुष्यात एक नवीच गंमत झाली आहे. शहरांतल्या नव्या उपाहारगृहांना आपल्या भिंतीवर ती हवीशी वाटू लागली आहे, आणि तीही जुनी. मग कोऱ्या भिंतीवर नवी जाहिरात रंगवायची, कधीच नसलेल्या चहाची किंवा साबणाची; आणि रंग वाळला की ती मुद्दाम घासून, खरवडून म्हातारी करायची. पोपडे मोजून पाडायचे. तिथे सहा आण्यांची साबणवडी भिंतीवर आणि तिच्या खाली दीडशे रुपयांचा वडापाव ताटलीत. खरी बाई हे ऐकून काय म्हणेल? मला वाटतं मनातून खूश होईल. आजवर तिच्या तरुणपणाची नक्कल सगळ्यांनी केली, म्हातारपणाची कुणी केली नव्हती.

तिची शेवटची भेट सांगतो. पुण्याच्या एका पेठेत वाडा पाडला, आणि शेजारच्या घराची उघडी पडलेली भिंत बघून रस्त्यावरची माणसं थबकली. वाडा बांधायच्या आधीच त्या भिंतीवर जाहिरात रंगवलेली होती. वाडा तिला खेटून उभा राहिला आणि ती आत अडकली. ना ऊन, ना पाऊस. त्यामुळे एवढ्या वर्षांनी बाहेर आली ती काल रंगवल्यासारखी, हळदीच्या अंगाने. तळाला तीन आकडी टेलिफोन, त्यावर पेठेचं नाव, त्यावर 'सायकली विकत व भाड्यानें मिळतील', आणि अगदी वर, आढ्याच्या तिकोनात, माणसाच्या उंचीच्या तांबड्या अक्षरांत: 'थांबा!'

लोक खरोखरच थांबत. कुणी फोटो काढत, कुणी त्या तीन आकड्यांवरून पैजा लावत. एका आजोबांनी आपण इथूनच ताशी दोन आण्याने सायकल घ्यायचो असं सांगितलं. दुसऱ्या आजोबांनी दर एक आणा होता म्हणून वाद घातला, आणि दोघं भांडत भांडत भिंतीकडे पुराव्यासाठी बघू लागले. तिने दर लिहिलेला नव्हता. हुशार.

मग शेजारी नव्या इमारतीच्या विटा चढू लागल्या. तळमजल्याने टेलिफोन आणि पत्ता घेतला. पहिल्या मजल्याने सायकली घेतल्या. वरचं 'थांबा!' तेवढं शिल्लक होतं, बांधकामावरचे मजूर त्याच्याच सावलीला डबे उघडून बसत. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब त्या शनिवारी पडायचा होता. वळीव आला म्हणून तिला आठ दिवस जास्त मिळाले.